मोटारीतील विजेचा दोष आणि तो शोधणारा



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो किमान वेतन, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे सर्वांनी धरलेले असते. संयोजकांनीही ते धरले होते. मी ‘मोटारीतील विजेचा दोष’ हा विषय कळवला, तेव्हा त्यांच्यापैकी एकांनी मोठ्या अदबीने विचारले की, वायरिंग म्हणजे संघटनेची बांधणी असे काही रूपक आपल्या मनात आहे काय? रूपक वगैरे माझ्या मनात काही नाही. प्लास्टिकच्या वेष्टनातली तांब्याची तार, तिच्या टोकाचे पितळी टर्मिनल आणि त्यावर चढलेला हिरवा गंज, याच गोष्टींविषयी मी बोलणार आहे. मजुरीचा प्रश्न वाटेत कोठे भेटलाच, तर त्याला टाळणार नाही, इतकेच.

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे येऊ लागले की काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. ज्यांनी हा भाग तीसपस्तीस वर्षांपूर्वी पाहिला असेल त्यांना भाताची खाचरे आठवत असतील. आज तेथे गोदामे आहेत. मुंबईकराच्या घरी जे खोके पोचते, ते पुष्कळदा इकडच्या एखाद्या गोदामात मुक्काम करून आलेले असते. जेथे गोदाम तेथे ट्रक आणि टेंपो, आणि जेथे ट्रक तेथे चहाची टपरी, पंक्चरवाला आणि ऑटो इलेक्ट्रिशियन. हा शेवटचा माणूस माझ्या आजच्या व्याख्यानाचा नायक आहे. त्याचे दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, फळीवर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या, खिळ्याला टांगलेली जुन्या वायरींची जुडगी आणि एक स्टूल. आमच्या पूर्णा गावातल्या अशा एका मिस्त्रीला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. मीही त्यांना उस्तादच म्हणेन.

या उस्तादांच्या दारात एके दिवशी एक विचित्र पाहुणा आला. दोन माणसांची, बुटकी, टप नसलेली स्पोर्ट्स मोटार. तिच्या मालकांचे पूर्णा येथे गोदाम आहे आणि हौसेने बाळगलेली ही गाडी ते गोदामाच्या एका कोपऱ्यात ठेवतात. ती कारखान्यात तयार झालेली नव्हती. सांगाडा एका ठिकाणचा, इंजिन दुसऱ्या गाडीचे, दिवे तिसऱ्या गाडीचे, आणि वरचे सगळे अंग फायबरग्लासचे, असे सुटे भाग जमवून ती त्यांनी स्वतः जुळवली होती. अशा गाडीला परदेशात ‘किट कार’ म्हणतात. आपण तिला जुळणीची मोटार म्हणू.

या जुळणीच्या मोटारींचा इतिहास मौजेचा आहे. इंग्लंडमध्ये लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची हलकी स्पोर्ट्स गाडी काढली. तयार मोटारीवर त्या काळी तेथे जबर खरेदीकर होता, सुट्या भागांवर मात्र तो लागत नसे. तेव्हा गिऱ्हाइकाने भाग विकत घ्यावेत आणि आपल्या अंगणात गाडी जुळवावी, असा मार्ग निघाला. पण त्यातही मेख होती. भागांबरोबर जुळणीच्या सूचना दिल्या तर कर लागू होई. म्हणून, असे सांगतात की, कंपनीने गाडी खोलण्याच्या सूचना छापून दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचायच्या. पुढे १९७३ मध्ये तेथील करपद्धती बदलली, आणि त्याच वर्षी ही ‘सेव्हन’ केटरहॅम या कंपनीकडे गेली. उलटीकडून वाचण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण विजेचा दोष शोधणारालाही पुष्कळ वेळा शेवटाकडूनच सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे हौशी माणसाने मोटार जुळवणे ही गोष्ट अगदी अपरिचित नाही. इचलकरंजी हे भिवंडीसारखेच मागांचे गाव. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७५ पर्यंत ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः बनवले. ती बाजारात आली नाही, हे आपले दुर्दैव. फायबरग्लासच्या अंगाची दोनआसनी स्पोर्ट्स गाडीही आपल्या देशात निघाली होती. १९९० च्या दशकाअखेरची सॅन कंपनीची ‘स्टॉर्म’ काहींना आठवत असेल. आता मात्र घरी जुळवलेली गाडी रस्त्यावर आणणे जवळपास अशक्य आहे. नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या कसोट्या पार कराव्या लागतात, आणि मूळ बनावटीत फेरबदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे आमच्या पाहुणीचे आयुष्य गोदामाच्या आवारात आणि कधीमधी शर्यतीच्या धावपट्टीवर जात असे.

तिचा आजार असा होता. डावा इंडिकेटर लावला की मागचे दोन्ही दिवे त्याच्या तालावर मंद लुकलुकत. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा लागण्याऐवजी समोरच्या फळीवरचे, म्हणजे डॅशबोर्डवरचे दिवे उजळत. हॉर्न वाजवला की पेट्रोलचा काटा उडे. सेल्फ मारला तर कधी इंजिन फिरे, कधी नुसता ‘टक्’ असा आवाज होई. शहरातल्या दोन मोठ्या वर्कशॉपांत ती जाऊन आली होती. तेथे फ्लॅशर बदलला, इंडिकेटरचा स्विच बदलला, नवी बॅटरी आली, सेल्फची मोटार नवी आली. बिल प्रत्येक वेळी वाढले आणि आजार होता तेथेच राहिला.

आता आपल्यापैकी पुष्कळांनी मोटारीची वायरिंग कधी पाहिलेली नसेल. त्यामुळे थोडे मुळापासून सांगतो. वीज दिव्यापर्यंत नुसती पोचून भागत नाही, तिला परत जावे लागते. बॅटरीच्या एका टोकातून ती निघते, स्विचमधून, फ्यूजमधून, दिव्यातून जाते आणि बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला येते. हा फेरा पुरा झाला तरच दिवा पेटतो. घरच्या विजेत परतीच्या तारेला आपण न्यूट्रल म्हणतो. आपल्याकडे चाळीत किंवा मागांच्या कारखान्यात तीन फेजचा न्यूट्रल तुटला म्हणजे काय होते ते मी सांगायला नको. एका खोलीतला दिवा मिणमिणतो आणि शेजारच्या खोलीतला भगभगून जातो, एखाद्याचा टीव्हीही जळतो. फेजची तार तर सगळ्यांची शाबूत असते. मग हा गोंधळ का? परत जाण्याची वाट बंद झाल्यामुळे वीज दुसऱ्याच्या घरातून वाट काढते, म्हणून.

मोटारीत परतीसाठी सहसा लांब तार टाकत नाहीत. गाडीचे अंग लोखंडाचे असते, तेच परतीची तार म्हणून वापरतात. बॅटरीचे एक टोक अंगाला बांधले, दिव्याचे एक टोक जवळच्या पत्र्याला बांधले की काम झाले. याला मिस्त्री लोक ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. सध्या सगळीकडे ऋण टोक अंगाला असते. १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक इंग्रजी गाड्यांत धन टोक अंगाला बांधलेले असे, आणि अशा जुन्या गाडीला हात लावण्यापूर्वी जाणता मिस्त्री आधी तेवढे पाहून घेतो. ही युक्ती स्वस्त आणि सोयीची आहे, पण तिला एक अट आहे: अंग लोखंडाचे हवे. फायबरग्लासमधून वीज जात नाही. ज्या गाडीचे अंग फायबरग्लासचे आहे तिच्यात प्रत्येक दिव्याला, प्रत्येक हॉर्नला, प्रत्येक मापकाला परतीची स्वतंत्र तार लागते. हौशी माणूस गाडी जुळवताना करंट नेणाऱ्या तारा मोठ्या काळजीने ओढतो, त्यांचे रंग सांभाळतो, त्यांना फ्यूज लावतो. परतीच्या तारा शेवटी उरतात. तोवर त्याचा उत्साह संपलेला असतो, आणि पाचसहा तारा एकत्र पिळून तो जवळच्या बोल्टखाली दाबून टाकतो.

ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्ड का उजळावा, हे कोडे यावरून सुटते. मागच्या दिव्यात एकाच बल्बात दोन बारीक तारा असतात. एक ५ वॅटची, रात्रभर जळणारी, दुसरी २१ वॅटची, ब्रेक दाबल्यावर पेटणारी. दोघींची परतीची वाट एकच, बल्बच्या टोपीतून. ती बंद झाली की ब्रेकचा करंट २१ वॅटच्या तारेतून टोपीपर्यंत येतो आणि तेथे अडतो. मग तो ५ वॅटच्या तारेत उलटा शिरतो, टेललाईटच्या वायरीने पुढे येतो, आणि त्याच वायरीवर असलेल्या पुढच्या पार्किंगच्या दिव्यांतून व डॅशबोर्डच्या दिव्यांतून, जेथे चांगली अर्थ मिळेल तेथे उतरतो. कशेळीचा पूल बंद ठेवला म्हणजे माणकोलीच्या रस्त्यावर जी गर्दी होते, ती पाहून माणकोलीचा रस्ता बिघडला असे कोणी म्हणत नाही. वर्कशॉपवाल्यांनी नेमके तेच म्हटले होते. जेथे गोंधळ दिसला तेथला भाग त्यांनी बदलला.

उस्तादांनी काय केले ते मी शेजारी स्टुलावर बसून पाहिले. त्यांनी पहिला अर्धा तास गाडीला हातच लावला नाही. मालकांना प्रश्न विचारले. हे कधीपासून होते? गाडी तापल्यावर होते की थंड असतानाही? धुतल्यानंतर वाढते काय? खड्ड्यात आपटल्यावर दिवा क्षणभर नीट लागतो काय? याआधी कोणी काय काय उघडले? या प्रश्नांना मी फार मोल देतो. ट्रकच्या बाबतीत या सगळ्यांची उत्तरे ड्रायव्हरला माहीत असतात, कारण रात्रभर तोच गाडीबरोबर असतो. पण दुरुस्तीला गाडी पाठवताना मालक ड्रायव्हरला दुसऱ्या गाडीवर पाठवतो आणि हेल्परच्या हाती किल्ली देतो. हेल्पर सांगतो, ‘लाईट लागत नाही.’ तेवढ्यावर मिस्त्रीने दोष शोधावा अशी अपेक्षा असते. डॉक्टरकडे आजाऱ्याऐवजी शेजाऱ्याला पाठवावे तसा हा प्रकार.

मग त्यांनी मालकांना सेल्फ मारायला सांगितले, आणि स्वतः ॲक्सिलेटरच्या केबलवर हात ठेवला. तीनचारदा सेल्फ मारल्यावर त्यांनी मलाही हात लावायला सांगितले. केबल चांगली गरम झाली होती. ॲक्सिलेटरच्या केबलचा विजेशी काय संबंध? संबंध नसायलाच हवा. पण इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते, त्यामुळे ते सांगाड्यापासून अलग असते. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची जाड वेणी असावी लागते. या गाडीत ती वेणी बसवलेली होती, पण तिचे सांगाड्याकडचे टोक रंगाच्या जाड थरावर आवळलेले होते. रंग म्हणजे इन्सुलेशन. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. त्यांना वेणीतून जाता येईना, म्हणून जे काही वाट देईल त्यातून ते जात होते, आणि वाट दिली होती ॲक्सिलेटरच्या पोलादी केबलने. आणखी काही दिवसांनी ती आतून भाजून अडकली असती, आणि धावपट्टीवर ॲक्सिलेटर दाबलेला तसाच राहिला असता.

दिव्यांच्या बाबतीत त्यांनी मीटर घेतला. मीटर कसा लावायचा यात सगळी मेख आहे. बहुतेक लोक दिव्याच्या होल्डरपाशी करंट पोचला की नाही तेवढे पाहतात. मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि मग ‘करंट तर आहे, बल्बच खराब असणार’ असा निकाल लागतो. उस्तादांनी दिव्याचे बटण चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे दिव्याच्या पितळी होल्डरवर ठेवले. परतीची वाट चांगली असेल तर येथे जवळजवळ शून्य यावे. व्होल्टचा पाचवा हिस्सा आला तरी चालते. मीटरने नऊच्या वर दाखवले. म्हणजे बारातले नऊ व्होल्ट परतीच्या वाटेवर खर्च होत होते आणि दिव्याच्या वाट्याला तीन येत होते. मग ते टोक होल्डरवरून काढून तारेच्या पुढच्या जोडावर, तेथून बोल्टवर, तेथून सांगाड्यावर असे सरकवत गेले. बोल्टच्या डोक्यावर नऊ आणि बोटभर अंतरावर खरवडलेल्या सांगाड्यावर शून्य. दोष त्या बोटभर अंतरात होता. येथेही रंगच.

साधा टेस्ट लॅम्पही मोठ्या कामाचा आहे, आणि काही बाबतींत मीटरपेक्षा बरा. जोड गंजून नावापुरताच टेकलेला असला तरी मीटर पुरे बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. त्याच जोडावर २१ वॅटचा बल्ब लावा, तो मिणमिणेल. म्हणून जुने मिस्त्री मीटर खिशात ठेवतात आणि आधी बल्ब लावतात. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर फ्यूजच्या जागी तोच बल्ब बसवायचा. कोठेतरी शॉर्ट आहे तोवर तो भक्क पेटलेला राहतो. मग वायरिंगचे जुडगे एका टोकापासून हळूहळू हलवत जायचे. ज्या जागी बल्ब विझतो ती शॉर्टची जागा. एका रुपयाचाही माल जळत नाही. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर बॅटरीच्या ऋण केबलमध्ये अँपिअर मोजणारा मीटर घालून एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजबरोबर काटा पडेल त्या वाटेवर चोर आहे.

जोड थोडा सैल असला, जरा गंजला, तर एवढा काय फरक पडतो, असे कोणाला वाटेल. हिशेब करून पाहू. या हिशेबाचा नियम जर्मनीतल्या गेओर्ग ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केला. हा कुलुपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि पेशाने शाळामास्तर. त्याच्या बापाने स्वतःच वाचून गणित शिकून मुलांना शिकवले होते, ही गोष्ट मला विशेष प्रिय आहे, कारण मलाही जे काही येते ते असेच वाचून आणि विचारून आलेले आहे. तर, ५५ वॅटचा हेडलाईट पुऱ्या तेजाने जळताना सुमारे अडीच ओहम अडथळा देतो. त्याच्या वाटेत गंजलेल्या जोडाने एक ओहमची भर घातली की करंट साडेचार अँपिअरवरून सव्वातीनच्या आसपास येतो. तीन व्होल्टांहून अधिक जोडातच जातात. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. तो जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आणि त्या गंजलेल्या जोडात दहाअकरा वॅट उष्णता सतत तयार होत राहते, एखाद्या लहान सोल्डरिंगच्या कावियाइतकी. हा कावया फायबरग्लासला आणि वायरच्या प्लास्टिकला चिकटून रात्रभर तापत असतो.

फ्यूज मग कशाला आहे, असे आपण विचाराल. फ्यूज या प्रसंगी काहीच करीत नाही, कारण करंट वाढलेला नाही, उलट कमी झालेला आहे. फ्यूज आहे तो वायरला वाचवण्यासाठी. शॉर्ट झाल्यावर वायर तापण्याआधी त्याने तुटावे. आणि आपल्याकडे त्या बिचाऱ्याच्या जागी काय काय बसते! वायरचे पिळलेले धागे, सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, एकदा तर मी खिळा पाहिला आहे. दहा अँपिअरच्या फ्यूजच्या जागी खिळा बसला की त्या वाटेवर सर्वांत कमकुवत वस्तू उरते ती वायर, आणि ती केबिनमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरच्या डोक्याजवळून गेलेली असते. ड्रायव्हर हौसेने खिळा लावत नाही. रात्री दोन वाजता हमरस्त्यावर फ्यूज उडतो, गाडीत दुसरा नसतो, आणि माल सकाळी सहाला पोचला नाही तर पैसे कापले जातात. पाचदहा रुपयांचे चार फ्यूज गाडीत ठेवणे हे मालकाचे काम आहे.

आता त्या स्पोर्ट्स गाडीवरून मी टेंपोवर येतो, कारण दोघांचा आजार एकच आहे आणि टेंपोच्या आजाराने माणसे मरतात. कारखान्यातून येते ती पुष्कळदा नुसती चेसिस. मागचा डबा बॉडी बांधणारा बांधतो. लाकडी तळ, वर ॲल्युमिनियमचे किंवा फायबरचे पत्रे. मागचे दिवे तो बसवतो. त्याचीही एका परीने जुळणीचीच गाडी. दिव्याची परतीची तार चेसिसपर्यंत न्यायची तर सात मीटर वायर लागते. त्याऐवजी दिवा मागच्या चौकटीला आवळला आणि चौकट बोल्टने चेसिसला आवळली, म्हणजे झाली अर्थ. नवी असताना चालते. मग रंगाचा दुसरा हात बसतो, दोन पावसाळे जातात, बोल्टखाली गंज धरतो.

आमच्या संघटनेकडे असे एक प्रकरण आले होते. नाशिककडे माल घेऊन निघालेला एक टेंपो रात्री रस्त्याच्या कडेला उभा होता आणि मागून दुसरी गाडी येऊन आदळली. ड्रायव्हर वाचला, हेल्परचा पाय मोडला. मालकांचे म्हणणे, ड्रायव्हरने मागचे दिवे लावले नव्हते, सबब नुकसान त्याच्या पगारातून कापणार. ड्रायव्हरचे म्हणणे, बटण चालू होते. साक्षीला कोणी नाही. मालकांचे नाव मी घेत नाही, पुढे त्यांनी न्यायाने वागून घेतले. मी उस्तादांना घेऊन त्यांच्या आवारात गेलो. टेंपोचा एक मागचा दिवा शाबूत राहिला होता. बटण चालू केले, दिवा लागला नाही. बल्ब काढून उस्तादांनी आपल्या टेस्ट लॅम्पवर पेटवून दाखवला. मग बल्ब पुन्हा बसवून बॅटरीच्या ऋण खांबापासून दिव्यापर्यंत मीटर लावला आणि आकडा मालकांना वाचायला सांगितला. त्यांनी वाचला, साडेअकरा. मग एक सुटी वायर घेऊन दिव्याची टोपी थेट चेसिसला टेकवली. दिवा लख्ख पेटला. वायर काढली, विझला. टेकवली, पेटला. हे चारपाच वेळा झाले. मालकांनी काही न बोलता मुनिमाला बोलावले. कपात परत मिळाली, हेल्परच्या औषधाचा खर्चही मिळाला. तीस वर्षांत मी पुष्कळ वाटाघाटी केल्या, पण इतक्या थोडक्या शब्दांत मिटलेली दुसरी आठवत नाही.

त्या दिवशी मला एक प्रश्न पडला, आणि तो आजही माझ्यापुढे आहे. स्पोर्ट्स गाडीच्या दुरुस्तीत लागलेला माल असा: पॉलिश पेपरचा एक तुकडा, दोन दातेरी वॉशर, चार टर्मिनल, आठ मीटर वायर आणि थोडे व्हॅसलीन. उस्तादांनी सगळ्या दिव्यांच्या परतीच्या तारा एका पितळी खांबावर आणल्या आणि तेथून जाड वायर थेट बॅटरीला नेली. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्यांनी बाराशे रुपये सांगितले. ज्या गृहस्थांनी दोन वर्कशॉपांना हजारोंची बिले निमूटपणे भरली होती, ते म्हणाले, ‘अहो, तुम्ही बदललेत काय? दोन वॉशर तर घातलेत!’ मी तेथे होतो म्हणून असेल, त्यांनी शेवटी पैसे दिले. पण हे वाक्य पूर्ण्याच्या प्रत्येक मिस्त्रीने ऐकलेले आहे.

आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. त्याचा परिणाम काय होतो? मिस्त्रीलाही पोट आहे. दिवसभर शोधून शंभर रुपये मिळणार आणि अल्टरनेटर बदलला तर पार्टच्या दुकानातून कमिशन मिळणार, तर तो काय करील? तो अल्टरनेटर बदलील. दोष गेला नाही तर रेग्युलेटर बदलील. अशा मिस्त्रीला लबाड म्हणणे सोपे आहे, पण त्याला लबाडीचीच मजुरी ठरवून दिलेली असते. आणि ज्याच्या अंगी शोधण्याची कला आहे त्याचा मुलगा ती शिकत नाही. तो गोदामात पाकिटे स्कॅन करायला जातो, कारण तेथे महिन्याला ठरलेले पैसे मिळतात.

आता संगणक आले, स्कॅनर लावला की दोष कळतो, मग शोधायचे काय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांत सेन्सरांची दाटी आहे हे खरे. स्कॅनर पडद्यावर लिहितो की अमुक सेन्सरकडून येणारा संदेश चुकीचा आहे. तो खोटे बोलत नाही. पण त्या सेन्सरची परतीची तार गंजली असली तरी संदेश चुकीचाच येतो, आणि दोन तीन सेन्सरांची परतीची तार एकच असली तर तिघांचीही तक्रार येते. वाचणारा कच्चा असेल तर तो तिन्ही सेन्सर बदलतो. एका सेन्सरची किंमत उस्तादांच्या आठवड्याच्या कमाईइतकी असते. म्हणजे जुन्या गाडीत चुकीचा भाग बदलून शंभराचे नुकसान होई ते आता हजारांत होते.

हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पोत्याचे वजन करता येते, नग मोजता येतात, थर किती उंच लावला ते दिसते. त्यावर दर बसवता येतो. शोधण्याला काय माप लावायचे? तासावर दर लावावा तर गिऱ्हाईक म्हणते, तुम्ही मुद्दाम वेळ लावाल. दोषावर लावावा तर पाच मिनिटांत सापडलेल्या दोषाचे पैसे द्यायला जीवावर येते. ती पाच मिनिटे पंचवीस वर्षांच्या अनुभवामुळे लागली, हे कोणी धरत नाही. आम्ही पूर्णा, राहनाळ आणि काल्हेरच्या मिस्त्रींची बैठक घेतली. सोळा जण आले. दोन बैठकांनंतर एक पाटी ठरली: ‘दोष शोधण्याची मजुरी वेगळी. पहिला तास दोनशे रुपये. पुढचे विचारून.’ शोधलेला दोष गिऱ्हाइकाला दिव्यावर किंवा मीटरवर प्रत्यक्ष दाखवायचा, तोंडी सांगायचा नाही, अशीही एक अट उस्तादांनी घालून घेतली. ती मालकांच्या फायद्याची आहे हे त्यांच्याही ध्यानात आले आहे.

पाटी लावून आठ महिने झाले. सुरुवातीला दोघांची गिऱ्हाइके तुटली आणि त्यांनी पाटी उतरवली. चौदा जणांकडे ती आहे. सहा ट्रान्सपोर्टवाल्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गाड्यांच्या मागच्या दिव्यांना परतीची स्वतंत्र वायर टाकून घ्यायचे कबूल केले आहे. त्यांपैकी दोघांच्या गाड्या पुऱ्या झाल्या, बाकीच्यांच्या मेअखेर व्हायच्या आहेत. आपल्यापैकी ज्यांचे टेंपो असतील त्यांनी आज घरी गेल्यावर एवढे करावे: मागचे दिवे लावून ब्रेक दाबायला कोणाला तरी सांगावे आणि मागे उभे राहून पाहावे. ब्रेक दाबल्यावर दिवा उजळण्याऐवजी मंदावला, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाईट लुकलुकला, तर बल्ब बदलू नये, बोल्ट उघडावा.

बैठकीत एक मुद्दा मात्र सुटलेला नाही. तासभर शोधूनही दोष सापडला नाही तर पैसे घ्यावेत की नाही? तरुण मिस्त्री म्हणतात, घ्यावेत. कोठे नाही हे तरी कळले. उस्ताद म्हणतात, घेऊ नयेत. पुढची बैठक येत्या रविवारी आहे. आपले काही प्रश्न असतील तर आता अवश्य विचारावेत. आणि ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत त्यांच्यासाठी उस्ताद टेस्ट लॅम्प घेऊन मागच्या बाकावर बसलेले आहेत.